नीरेचा कालवा, दुष्काळी कामे आणि मजुरीचा दर

सरकारी कामांचा मजुरीवर कोणता परिणाम होतो, हे पाहताना केवळ सरकारी दराचा विचार पुरेसा नसतो. काम मागण्याचा हक्क मजुराला होता की नाही, हा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरतो. बारामती-इंदापूरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरेच्या डाव्या कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले. बारामती त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. मुंबई इलाख्यात पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा अशी ठरली होती. जानेवारी १८७७ मध्ये मुलकी खात्याच्या कामांवर तो वरचा आणा अर्ध्यावर आणला गेला. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. खर्च आवरावा व अगदी निरुपाय झालेल्यानेच कामावर यावे, हा या दरामागील हेतू होता. असा दर खाजगी मजुरीला आधार देऊ शकत नव्हता. काम ही सरकारची कृपा होती, मजुराचा हक्क नव्हे.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने हीच भूमिका पालटली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने तिचा प्रयोग झाला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘दुष्काळी काम’ या शब्दात आपत्तीची सूचना आहे. ‘हमी’ या शब्दात सरकारवरील बंधनाची. मागताच काम मिळत असेल, तर त्याहून कमी रोजावर शेतमालकाला मजूर मिळणे कठीण होते. सरकारी दर मजुरीचा तळ ठरतो, तो असा.

परंतु १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेचा दर दुपटीने वाढला, तेव्हा कामावरील उपस्थिती झपाट्याने घटली. रॅव्हालियन, दत्त व चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मागणाऱ्या सर्वांना काम मिळेनासे झाल्याची चिन्हे दाखविली. दर कागदावर चढला, हमी मात्र क्षीण झाली.

नीरेच्या कालव्याने पुढे या भागात ऊस आणला. वालचंदनगरसारखे कारखाने उभे राहिले आणि मजुरांना मागणी निर्माण झाली. अर्धा आणा वाचविणाऱ्या धोरणापेक्षा त्या मजुरांनी खणलेला कालवाच मजुरीला अधिक काळ आधार देणारा ठरला. म्हणून अशा योजनेचे मूल्यमापन तिचा दर, कामाची खात्री व मागे उरणारे काम या तिन्ही अंगांनी व्हावयास हवे.