मोबाईलचं घड्याळ आणि बोटीचं घड्याळ

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही म्हणून इथे वाचणाऱ्यांचंही.

हा पॉडकास्ट सुरू करायच्या आधी मी बोटीवर होतो, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. बोटीवर म्हणजे मोठ्या क्रूझ जहाजावर, गॅलीत, नाश्त्याच्या पाळीला. जहाज मायामीहून सुटायचं आणि कॅरिबियनमध्ये फिरून परत यायचं. एकदा आम्ही मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर थांबलो होतो. दुपारी दोन तास मोकळे मिळाले. मी खाली उतरलो, तिथलं स्वस्तातलं सिम टाकलं आणि घरी व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती, पण आई जागीच होती. मग परत जहाजावर, रात्रीची साफसफाई, आणि खाली जाऊन झोप.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचचा अलार्म वाजला. उठलो, दाढी केली, आरामात तयार झालो. पावणेसहाला गॅलीत पोचलो. पाळी सहाची, म्हणजे पंधरा मिनिटं लवकर आलो म्हणून स्वतःवर खूश होतो. आत गेलो तर बफे उघडलेला, बाहेर रांग, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात वाजले होते.

काय झालं होतं? उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ एक तास पुढे सरकतं. कोझुमेल ज्या राज्यात आहे, तिथे २०१५ पासून तसं करत नाहीत. जहाज मायामीच्या वेळेवर चाललं होतं. माझ्या मोबाईलने किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या तिथली वेळ घेतली, मला न विचारता. आणि माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, रेंज नाही. चूक सुधारायला मोबाईलला कुणी भेटलंच नाही. संध्याकाळभर मी भिंतीवरचं घड्याळ बघून काम केलं, मोबाईलकडे नीट पाहिलंच नाही.

लेखी वॉर्निंग मिळाली. तीन झाल्या की घरी. तुम्हाला वाटेल, एक तासाचं काय एवढं! पण कोर्सेस, मेडिकल, कागदपत्रं, एजंट यांत घरच्यांनी कर्ज काढून पैसे घातले होते. ते फिटायचे होते. त्या रात्री मी झोपलोच नाही, अलार्म वाजेल की नाही या भीतीने.

आमच्यात साष्टीतले एक वयस्कर गोवेकर होते, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. त्यांनी मनगटावरचं डिजिटल घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, "मोबाईल जमिनीचा असतो रे, बोटीचा नसतो." त्यांचे वडीलही बोटीवर स्ट्युअर्ड होते. मुंबईत धोबी तलावच्या एका कुडात उतरायचे. कूड म्हणजे गोव्यातल्या गावांनी आपल्या माणसांसाठी चालवलेली राहायची जागा. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे थांबायचे. अंकलचं ते वाक्य डोक्यात बसलं आणि घरी आल्यावर मी वाचायला लागलो: मोबाईल नव्हता, अलार्म नव्हता, तेव्हा समुद्रात माणसं वेळेवर उठायची कशी?

तर, सुरुवातीला वेळ वाळूत मोजायचे. अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपली की पोऱ्याने ते उलटं करायचं आणि घंटेचा टोल द्यायचा. पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, दुसऱ्याला दोन, असं करत चार तासांनी आठ. आठ टोले म्हणजे पहारा संपला, बदली माणूस वर. (आपला 'पहारा' हा शब्दसुद्धा प्रहरापासून आलाय. आपला प्रहर तीन तासांचा, त्यांचा पहारा चार तासांचा.) आता चोवीस तासांचे चार-चारचे सहा भाग केले, तर दोन तुकड्यांपैकी एकीच्या नशिबी रोजच मध्यरात्रीचा पहारा येणार. म्हणून संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे केले, चार ते सहा आणि सहा ते आठ. एकूण पहारे सात झाले. विषम आकडा, त्यामुळे पाळी आपोआप रोज फिरते. साधी युक्ती आहे, पण ज्याने काढली त्याला माझा सलाम. मी सलग तीन महिने एकच पाळी केलीय.

आणि हो, लबाडीही होती. थंडीत पहाऱ्यावरचा माणूस वाळू पूर्ण पडायच्या आधीच घड्याळ उलटं करायचा. पाळी लवकर संपते! बिचारा पुढचा लवकर उठवला जातो. मुद्दा असा की उठवणारं यंत्र नव्हतं, माणूस होता. पुढे वाफेच्या बोटी आल्या तरी पहारा बदलायच्या आधी कुणीतरी खाली जाऊन दुसऱ्याला हलवून उठवायचं, ही पद्धत राहिली. त्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची बरीच माणसं असायची, सलून आणि किचनमध्ये गोव्याची. डेकवरच्यांचा मुख्य म्हणजे सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल.

पण मग 'किती वाजले' हे कोण ठरवणार? सूर्य. दुपारी अधिकारी सूर्य मोजायचा, तो सगळ्यात वर आला की कप्तानाला सांगायचा, कप्तान हो म्हणाला की बारा वाजले. अक्षरशः कप्तान म्हणेल तेव्हा बारा! आणि जहाज पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकत असेल, तर आजचे बारा कालच्या बारांपासून बरोबर चोवीस तासांनी येत नाहीत.

इथे खरी गंमत आहे, गंमत म्हणजे जीवघेणी. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. तुमच्याकडे एखाद्या पक्क्या ठिकाणची वेळ असेल आणि जहाजावरची सूर्याची वेळ असेल, तर दोन्हींतल्या फरकावरून तुम्ही पूर्व-पश्चिम कुठे आहात ते कळतं. पक्की वेळ नसेल तर नुसता अंदाज. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश नौदलाची चार जहाजं खडकांवर फुटली, चौदाशेच्या वर माणसं बुडाली. आपण कुठे आहोत याचा त्यांचा अंदाजच चुकला होता. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधायच्या पद्धतीला २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं.

जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने आयुष्य यात घातलं. त्याचं चौथं घड्याळ तळहाताहून थोडं मोठं. ते १७६१ च्या शेवटी जमैकाला निघालं, आणि ८१ दिवसांत फक्त पाच सेकंद मागे पडलं. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे अडीच-तीन महिन्यांनंतरही चूक फार तर सव्वा मैलाची.

तेव्हापासून जहाजावर दोन वेळा नांदायला लागल्या. एक क्रोनोमीटरची, लाकडी पेटीत ठेवलेली, पुढे बहुतेक ग्रिनिचची. त्याला रोज ठरल्या वेळी चावी द्यायची, पण काटे हलवायचे नाहीत. ते पुढे-मागे धावत असेल तर किती सेकंद, ते वहीत लिहायचं. दुसरी वेळ माणसांची: जेवणाची, पहाऱ्याची, झोपेची. ती कप्तानाच्या हुकमाने रोज बदलायची. मला हे वाचून जरा रागच आला स्वतःचा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत होतं की या दोन वेळा एकत्र करायच्या नाहीत, आणि मी तिसरीच घेऊन झोपलो!

यात आपली मुंबई आहे बरं का. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बांधली, त्यात बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी अचूक वेळ ठेवणं हा एक हेतू होता. आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्वेला आहे. गुणिले चार मिनिटं. २९१ मिनिटं, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. हीच ती जुनी 'बॉम्बे टाइम'! १९०६ मध्ये साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे अंकलचे वडील मुंबईत उतरून पुढे रेल्वेने गोव्याकडे निघाले, तर स्टेशनात एक वेळ आणि शहरात दुसरी असू शकत होती. बोटीवरची तिसरी.

मोठ्या प्रवासी बोटींवर या गोंधळाची किंमत टायटॅनिकच्या चौकशीत दिसते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जहाज पश्चिमेला चाललं होतं, त्यामुळे घड्याळं मागे करायची होती. लुकआउटवरच्या फ्रेडरिक फ्लीटने सांगितलं की त्याच्या दोन तासांच्या पाळीत वीसेक मिनिटं वाढणार होती. जहाज रात्री ११:४० ला हिमनगावर आदळलं. पण ११:४० कुठले? अमेरिकेतल्या चौकशीने जहाज न्यूयॉर्कच्या १ तास ३३ मिनिटं पुढे धरलं, ब्रिटनमधल्या चौकशीने १ तास ५० मिनिटं. सतरा मिनिटांचा फरक! ज्या जहाजाला बुडायला २ तास ४० मिनिटं लागली, त्याच्या वायरलेस संदेशांची वेळ दुसऱ्या जहाजांच्या वेळेशी जुळवताना सतरा मिनिटं म्हणजे थोडी नाहीत.

आज पुलावर, म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर, उपग्रहाकडून वेळ येते. पण जेवण आणि पाळी कुठल्या वेळेने, ते अजूनही कप्तानच ठरवतो. आदल्या रात्री केबिनमध्ये कागद येतो, माईकवर घोषणा होते: आज रात्री घड्याळं एक तास मागे. क्रूमध्ये त्या रात्री आनंद असतो, एक तास जास्त झोप. पुढे करायची असली की शिव्या.

वॉर्निंगनंतर मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यातले काही जण कॉन्ट्रॅक्टवर निघालेत आणि मेसेज करून विचारतात. मोबाईलमधलं आपोआप वेळ बदलायचं सेटिंग बंद. विमान मोड चालू, पण नुसत्या विमान मोडवर विसंबू नका, परत नेटवर्क मिळालं की पंचाईत. कोपऱ्यातल्या दुकानातून सेलवर चालणारं अलार्मचं घड्याळ घेतलं, ते रोज झोपताना केबिनच्या फोनवरच्या वेळेशी ताडून बघायचो. प्रवासी म्हणून गेलात तर रिसेप्शनला वेक-अप कॉल सांगून ठेवा. किनाऱ्यावर उतरताना शिडीपाशी परतायची वेळ लिहिलेली असते, ती जहाजाची असते. फोटो काढून ठेवा, पण फोटोवरचा मोबाईलचा टाइम बघू नका!

आणि उरलेले पाच महिने पाच वाजता अंकल दारावर दोनदा ठोकायचे. त्यांची पाळी माझ्या आधी सुरू व्हायची. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात कुणी आजोबा, मामा, काका बोटीवर होते का? त्यांना कोण उठवायचं ते विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एका भागात ऐकवेन. भेटूया.