कोणत्या घड्याळाचे बारा?

मुळशी तालुक्यांतील लवळे गांवीं सूर्य माथ्यावर येतो, तेव्हां घड्याळांत सरासरीनें बारा वाजून 35 मिनिटें झालेलीं असतात. हा घड्याळाचा दोष नव्हे. भारताची प्रमाण वेळ साडेब्यायशीं अंश पूर्व रेखांशावरून धरतात. लवळें त्याच्या पश्चिमेस सुमारें पावणेनऊ अंशांवर आहे, आणि दर अंशामागें 4 मिनिटें पडतात.

ही प्रमाण वेळ 1 जानेवारी 1906 पासून सुरू झाली. ती ग्रीनिचच्या पुढें 5 तास 30 मिनिटें. जुनी मुंबई वेळ 4 तास 51 मिनिटेंच पुढें होती. मधल्या 39 मिनिटांवरून मुंबईंत मोठा वाद झाला, आणि त्या शहरानें आपली वेळ 1955 पर्यंत पुरती सोडली नाहीं. शिवाय 1942 ते 1945 या युद्धकाळांत देशाचीं घड्याळें एक तास पुढें होतीं. म्हणून त्या काळच्या कागदावर नुसतें ‘दुपारीं 12’ दिसलें, तर अभ्यासकानें प्रथम विचारावें : कोणत्या घड्याळाचे बारा?

हाच प्रश्न आज पायथॉन ही संगणकाची भाषा विचारते. गीडो व्हान रॉसम यांनीं ती 1991 मध्यें प्रसिद्ध केली. तारीख-वेळेचा स्वतंत्र विभाग तींत 2003 मध्यें आला. त्यांत वेळ दोन जातींची असते : ग्रीनिचपासूनचें अंतर जोडलेली, आणि नुसती. एकींतून दुसरी वजा करूं गेल्यास यंत्र ‘टाइपएरर’ म्हणून काम थांबवितें. अक्षरांत लिहिलेली तारीखही, तिचें तारखेंत रूपांतर होईपर्यंत, त्यास केवळ अक्षरेंच वाटतात.

घाईचा मनुष्य अशा वेळीं जोडलेलें अंतर पुसून टाकतो. तक्रार मिटते, परंतु 39 मिनिटेंही मुकाट्यानें नाहींशीं होतात. कारण दोन नुसत्या वेळा यंत्र बिनतक्रार वजा करतें. खरा उपाय उलट आहे : नोंद जेथून आली तेथेंच तिचें अंतर जोडावें. येथेंही सावधगिरी हवी. पायथॉनच्या कोष्टकांत भारतासाठीं कोलकात्याचें नांव आहे. मुंबई वेळ त्यांत वेगळी नाहीं. जुन्या मुंबईच्या नोंदीस 4 तास 51 मिनिटें हें अंतर हातानेंच द्यावें लागतें. तें दिल्यावर मुंबईचे बारा म्हणजे प्रमाण वेळेचे 12 वाजून 39 मिनिटें, हें यंत्र अचूक सांगतें.

यंत्राचा नकार हा अडथळा नसून इशारा आहे. लवळ्याच्या माध्यान्हींचा सूर्यही रोज तेंच सांगतो : आंकडा एकच असला, तरी वेळ एकच असते असें नाहीं.