तळटीप : महाविद्यालयीन मुलींचा खो-खो संघ

१२. चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) हे गाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) क्षेत्रात येते. इथल्या मुलीला कॉलेजकडून खो-खो खेळायचा, तर वाट ठरलेली आहे. महाविद्यालयाचे क्रीडा संचालक संघ निवडतात. तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ ठरतो. पुढच्या पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या. राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव वेगळा.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या क्लब लॅक्रॉस (एक मैदानी सांघिक खेळ) संघांचे याच्या उलट असते : संघ विद्यार्थिनीच चालवतात आणि वर्गणी काढून प्रवास, पंच, मैदान यांचा खर्च भागवतात. आपल्याकडे संघ महाविद्यालयाचा; म्हणून प्रवासभत्ता, सरावाची वेळ, सोबत जाणारी शिक्षिका हे सगळे प्राचार्यांच्या सहीवर. मूळ प्रकरणात लेखिकेने या सहीचा उल्लेख ओझरता केला आहे. माझ्या मते प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. खेड्यातल्या मुलीला सराव संपवून एसटी गाठायची असते, आणि घरचे परगावी पाठवतात ते कॉलेजच्या जबाबदारीवर.

खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, हेही त्याच्या इथल्या प्रसाराचे कारण. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. — संपा.