तोटा कशापायी?

तोट्यातल्या ऑनलाइन दुकानांचे शेअर घ्यावेत का, याचे उत्तर अमेरिकेच्या १९९७ ते २००३ या वर्षांत शोधता येते. पेट्स डॉट कॉम, वेबव्हॅन आणि अ‍ॅमेझॉन या तिन्ही कंपन्या तेव्हा तोट्यात होत्या, पण कारणे निराळी होती. पेट्स डॉट कॉम पाळीव प्राण्यांचे खाद्य खरेदीच्या भावाहूनही स्वस्त विकायची. विक्री वाढली की तिजोरी अधिकच रिकामी होई. फेब्रुवारी २००० मध्ये तिने भागविक्रीतून ८ कोटी २५ लाख डॉलर उभारले आणि नोव्हेंबरात टाळे लावले. वेबव्हॅनने हेरलेली घरपोच किराण्याची गरज मात्र खरी होती. पण पहिल्या गोदामाचा जम बसण्याआधीच तिने २६ गोदामांसाठी बेक्टेल कंपनीशी १०० कोटी डॉलरचा करार केला. तेवढ्या ऑर्डर आल्याच नाहीत आणि जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

अ‍ॅमेझॉनचा २००० सालचा तोटा या दोघींपेक्षाही मोठा, १४० कोटी डॉलरचा होता. तरीही २७६ कोटींच्या विक्रीतून मालाची किंमत वजा जाता ६५ कोटींहून अधिक रक्कम हाती राहत होती. ग्राहक पैसे लगेच मोजत आणि पुरवठादारांची देणी काही आठवड्यांनी चुकती होत, त्यामुळे खेळत्या भांडवलाची बरीच सोय धंद्यातूनच होई. पैसा विस्तारात, व्याजात आणि पेट्स डॉट कॉमसारख्या कंपन्यांतल्या गुंतवणुकीत जात होता. मूळ व्यापार सुदृढ होता. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत पहिला नफा झाला आणि २००३ हे पहिले नफ्याचे वर्ष ठरले.

हे शहाणपण मागाहूनचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण खरेदीची किंमत, जाहिरातखर्च, गोदामांचा करार हे सारे तेव्हाच्याच कागदपत्रांत छापलेले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नफ्याची वाट पाहत बसलो तर स्वस्तातली संधी हुकते. मात्र १९९९ च्या अखेरीस शंभर डॉलरवर गेलेला अ‍ॅमेझॉनचा शेअर २००१ च्या शरदात सहा डॉलरखाली आला होता. हिशेब अचूक वाचणाराही त्यात होरपळला असता. उलट २००३ चा ताळेबंद पाहून आलेल्यालाही पुढच्या दोन दशकांची प्रचंड वाढ मिळाली. नफ्याचा इतिहास नसलेल्या कंपनीच्या भागविक्रीत किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांसाठी ठेवण्याचा आणि किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा १० टक्क्यांवर रोखण्याचा सेबीचा नियम याच सावधगिरीचा आहे. म्हणून विक्रीच्या वाढीवर भाळू नये. माल आणि पोहोच यांचा खर्च भागवून प्रत्येक ऑर्डरमागे काही उरते, हे ताळेबंदातून दिसेपर्यंत सामान्य माणसाने आपली बचत अशा कंपनीत घालू नये.