औषधाच्या पावतीचा इतिहास

बिस्किटांचा पुडा घेताना आपण तो उचलतो, पैसे देतो आणि चालू लागतो. औषधाचे तसे नाही. नियमाने चालणारा औषधविक्रेता डॉक्टरांची चिठ्ठी मागतो, पावती करतो, तिच्यावर औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख लिहितो. मोठ्या शहरांतील सुपरमार्केटांमध्ये साबण-बिस्किटांच्या शेजारीच औषधांचा कक्ष असला, तरी त्या कक्षाला परवाना वेगळा लागतो आणि तेथे नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. मालवण किंवा कुडाळच्या बाजारात दुकानदार ओळखीचा असतो. ‘पावती कशाला?’ असे म्हणून आपण ती टाळतो. ही पावती आली कोठून, हे पाहिल्यास मात्र ती टाळणे सोपे जाणार नाही.

पूर्वी कोकणात औषध म्हणजे परसातले किंवा काष्ठौषधीच्या दुकानातले. तापाला किरायत्याचा काढा, सर्दीला सुंठ, पोटाला ओवा. वस्तू ओळखीची असे. सुंठीला कीड लागली तर ती डोळ्यांना दिसे आणि ओव्याचा वास गेला तर नाकाला कळे. बाटलीबंद औषधे आणि गोळ्या आल्या तेव्हा ही पारख संपली. पांढऱ्या गोळीत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळेना आणि विकणाऱ्यालाही कळेना. हिवतापावरचे क्विनाइन त्या काळी घरोघर लागे. त्यातच भेसळ होते अशी ओरड झाली आणि १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. देशभर एकच कायदा हवा, तपासणीसाठी प्रयोगशाळा हव्यात आणि औषध देणारा माणूस शिकलेला हवा, असे तिचे म्हणणे होते.

कायदा व्हायला आणखी ९ वर्षे लागली. दरम्यान १९३७ साली अमेरिकेत एक मोठी दुर्घटना घडली. सल्फानिलामाइड हे जंतुरोधक औषध पातळ स्वरूपात हवे होते, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवले, वास आणि चव पाहिली आणि बाजारात धाडले. द्रव विषारी आहे का, हे कोणी तपासले नाही, कारण तशी तपासणी करण्याची कायद्याची सक्तीच नव्हती. १००हून अधिक माणसे दगावली व त्यांत अनेक मुले होती.

या घटनेचा दुसरा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कंपनीने २४० गॅलन औषध बनवले होते. सरकारी निरीक्षकांनी विक्रीच्या हजारो पावत्या चाळल्या, दुकाने, डॉक्टर आणि रुग्णांची घरे गाठली आणि २३४ गॅलन परत मिळवले. म्हणजे एवढी माणसे मेली ती उरलेल्या सुमारे ६ गॅलनमुळे, जेमतेम २३ लिटरमुळे! बाकीचा साठा ज्या कागदांच्या आधारे सापडला, त्यांत दुकानातील पावती होती. जेथे गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले नव्हते, तेथे शोध अवघड झाला.

भारतात १९४० साली औषध कायदा, १९४५ साली त्याचे नियम आणि १९४८ साली फार्मसी कायदा झाला. दुकानाला परवाना, चिठ्ठीवरची औषधे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली देणे, विक्रीची नोंद, मुदत संपलेले औषध न विकणे, ही सारी चौकट त्यातून उभी राहिली. दुर्गम वाड्यावस्त्यांचाही विचार नियमकर्त्यांनी केला होता. हजारापेक्षा कमी वस्तीच्या खेड्यांत काही घरगुती औषधे विकायला परवान्यातून सूट ठेवली गेली, मात्र ती मूळ सीलबंद वेष्टनातच विकायची होती.

चौकट असूनही १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरीन देतात. हे ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते आणि त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्रालय अशा सर्वच पातळ्यांवर बोट ठेवले. साखळीतील प्रत्येकाने पुढच्यावर विसंबून आपली तपासणी सोडली होती.

हे दोन द्रव इतके फसवे का? दोन्ही रंगहीन, दाट आणि चवीला गोड आहेत. शुद्ध ग्लिसरीनची घनता १.२६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, तर डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२. मग घनता मोजून भेसळ पकडता येईल, असे विद्यार्थी म्हणतील. पण वजनाने निम्मे पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनची घनताही १.१२ ते १.१३ च्या दरम्यानच येते! घनता कमी भरली, तर ती निरुपद्रवी पाण्यामुळे की विषामुळे, हे सांगता येत नाही. त्यासाठी वायू-वर्णलेखनासारखी पद्धत लागते. हे काम कारखान्याचे आणि प्रयोगशाळेचे आहे. मालवणच्या दुकानदाराला बाटलीकडे पाहून विष ओळखता येणार नाही. मात्र ही बाटली कोणत्या घाण्यातली, कोणाकडून आली आणि कोणाला दिली, एवढे तो नक्की सांगू शकतो.

याचा प्रत्यय सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा आला. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २०हून अधिक लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तातडीने इशारा दिला, तो एसआर-१३ या बॅच क्रमांकासह. आता समजा, मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्याने मुलासाठी बाटली आणली, वेष्टन फेकले, लेबल पुसट झाले आणि पावती घेतलीच नव्हती. अशा घराला त्या इशाऱ्याचा उपयोग काय?

दुकानाची जबाबदारी पावतीपाशी संपत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्गातील अनेक गावांची वीज गेली होती. अशा वेळी बंद पडलेल्या शीतकपाटातले औषध दिसायला तसेच राहते, पण त्याची शक्ती घटू शकते. दुसरी जबाबदारी प्रतिजैविकांची. त्यांच्या बेसुमार वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून २०१३ साली नियमांत ‘एच-१’ ही अनुसूची आली. तिच्यातील औषधांची विक्री, डॉक्टर व रुग्णाच्या नावासह, वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही ३ वर्षे जपावी लागते. २०१६ साली प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील लाल रेघ लोकांना ओळखायला शिकवणारी मोहीम सुरू झाली.

वर्गात एक उपक्रम सहज करता येईल. विद्यार्थ्यांना घरातील वापरून संपलेल्या औषधांची वेष्टने आणि पावत्या आणायला सांगावे. वेष्टनावर बॅच क्रमांक, उत्पादन परवाना, मुदतीची तारीख, साठवणीचे तापमान आणि लाल रेघ शोधावी. मग तोच बॅच क्रमांक पावतीवर आहे का, ते ताडून पाहावे. किती औषधांना पावतीच नाही, याचा तक्ता फळ्यावर मांडावा. तो तक्ता पाहून पुढच्या वेळी घरातले मूलच दुकानदाराला म्हणेल, ‘काका, पावती द्या.’ एवढे झाले तरी त्या घरापुरती तुटलेली साखळी जुळेल.