रिफॅक्टरिंग

चालू सॉफ्टवेअरचे बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता आतील कोडची रचना लहान लहान पावलांनी सुधारण्याची पद्धत. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली ऑब्जेक्ट ओरिएंटेड फ्रेमवर्कच्या रिफॅक्टरिंगवर प्रबंध लिहिला. मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ (१९९९) या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वत्र रुळली.

वीजबिलाच्या एखाद्या जुन्या प्रोग्रामची कल्पना करावी. ग्राहक घरगुती असेल तर एक दर, व्यापारी असेल तर दुसरा, शेतीचा असेल तर तिसरा, अशी इफ-एल्सची लांबलचक उतरंड बिलाच्या फंक्शनमध्ये असते. तीच थकबाकीच्या नोटिशीत आणि अनामत रकमेच्या हिशेबातही उतरवलेली असते. नवा ग्राहकप्रकार आला की तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो आणि एखादे हमखास राहून जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र क्लास करून त्याचे नियम त्याच्याकडेच सोपवतात. मग नव्या प्रकारासाठी मुख्यतः एक क्लास वाढवला की भागते. मात्र ग्राहकप्रकार ठरलेले आणि हिशेबच रोज नवे निघत असतील, तर हीच रचना उलटते: प्रत्येक नव्या हिशेबासाठी सगळे क्लास उघडावे लागतात. हे न पाहता क्लास पाडत सुटणारे उत्साही लोक कमी नाहीत.

खरी अडचण त्याआधीची असते. बदल सुरक्षित आहे हे पाहायला चाचण्या हव्यात. पण डेटाबेसला थेट चिकटलेल्या कोडची चाचणी, तो थोडा बदलल्याशिवाय, घेता येत नाही. मायकल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात चाचण्या नसलेल्या कोडलाच ‘लिगसी कोड’ म्हटले आणि या पेचातून वाटही दाखवली. डेटाबेसकडे जाणारी ओळ वेगळ्या मेथडमध्ये काढायची, चाचणीपुरता सबक्लास करून त्यात ती मेथड ओव्हरराइड करायची. मूळ क्लासला लागलेला धक्का एवढाच. माझ्या मते जुन्या कोडच्या देखभालीत इन्हेरिटन्सचा याहून रोकडा उपयोग क्वचितच होतो.

या चाचण्या प्रोग्रामने काय करावे ते तपासत नाहीत. तो आज काय करतो याची नोंद ठेवतात. रक्कम पूर्ण रुपयांत आणताना चूक होत असेल, तर तीही तशीच नोंदवतात. ती चूक सुधारणे हे वेगळे काम असून ते रचना बदलताना उरकायचे नसते. पुढच्या हिशेबखात्यातला एखादा प्रोग्राम त्याच चुकीच्या आकड्यावर ताळा जुळवत असू शकतो.