बँकेचा दर आणि कामगाराची भाकरी

व्याजाचा दर हा पेढीवरचा विषय आणि मजुरी हा कारखान्याच्या फाटकावरचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ती किती फसवी आहे, हे इंग्लंडमधील एका जुन्या चौकशीवरून ध्यानात येते.

एप्रिल १९२५ मध्ये ब्रिटनने पौंडाला पुन्हा सोन्याशी, तेही युद्धापूर्वीच्याच भावाने, बांधले. केन्स यांच्या हिशेबाने हा भाव सुमारे दहा टक्क्यांनी चढा होता. साहजिकच इंग्रजी कोळसा परदेशात महाग पडू लागला. धंद्याच्या इतरही अडचणी होत्या. पण मालकांनी काढलेला उपाय एकच, मजुरीत कपात! मे १९२६ मध्ये खाणकामगारांना टाळे लागले. त्यांच्यासाठी झालेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र महिनोन् महिने झुंजले आणि अखेर उपासमारीने हरले.

१९२९ च्या नोव्हेंबरात सरकारने मॅकमिलन समिती नेमली. तिच्यात केन्स होते आणि वाहतूक कामगारांचे पुढारी अर्नेस्ट बेव्हिनही होते. बेव्हिन यांची शाळा अकराव्या वर्षी सुटलेली. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांनी घोडागाडी हाकली. असा माणूस मार्च १९३० मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन यांच्यासमोर बसला!

केन्स यांनी समितीला दराची वाट उलगडून दाखविली होती. सोने बाहेर जाऊ लागले की बँक दर चढविते. कर्ज महागते, व्यापारी माल कमी उचलतो, कारखानदार माणसे कमी करतो. बेकारी वाढली की मजुरी उतरते आणि मग माल स्वस्त होतो. म्हणजे या यंत्राचे एक चाक बेकारी हेच होते. नॉर्मन यांचे मत मात्र असे, की दराचे देशातील दुष्परिणाम फुगवून सांगितले जातात. ते खरे कमी आणि मनाचे अधिक.

यातून आम्ही घेतो तो धडा असा. बँकेजवळ सोन्याचा हिशेब होता, घरी बसलेल्या माणसाचा नव्हता. जुलै १९३१ मधील अहवालाने बँकांची आकडेवारी अधिक पूर्णपणे प्रसिद्ध व्हावी, असे सुचविले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, २१ सप्टेंबरला, ब्रिटनने सोने सोडले. आणि पुढच्या वर्षी बँकेचा दर दोन टक्क्यांवर आला.

आज मध्यवर्ती बँकांत संशोधनाची मोठमोठी खाती आहेत. आपल्या रिझर्व्ह बँकेत २०१६ पासून सहा जणांची समिती दर ठरविते आणि कोणी काय मत दिले, ते प्रसिद्ध होते. हा लाभ लहान नव्हे. महागाईला आवर हवाच. तिचा पहिला घाव पगारदारावरच पडतो. पण आवर घालण्याची किंमत कोण मोजतो, हा बेव्हिन यांच्या वेळचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. तो विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.